यादीत अनोळखी नाव दिसलं तर रीसेट दाबू नका
(आमच्या फायबर ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"आमच्या वायफायवर कोणीतरी घुसलंय" असे फोन आम्हाला सारखे येतात. राऊटरला जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत अनोळखी नाव दिसलेलं असतं. तपासलं की बहुतेक वेळा ते घरातलंच काहीतरी निघतं. पण तोवर टाचणी घालून राऊटरमागचं रीसेटचं बटण दाबून झालेलं असतं आणि नेट बंद पडलेलं असतं.

राऊटर बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. रीसेट केलं की वायफायच्या पासवर्डासोबत तुमच्या कनेक्शनचं पीपीपीओई युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर, म्हणजे राऊटरला आमच्या नेटवर्कशी जोडणारी माहितीही पुसली जाते. मग पॉनचा (फायबर जोडलेली असल्याचा) दिवा हिरवा राहतो, लॉसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवाही पेटत नाही, फोनला वायफाय पूर्ण दिसतं. फक्त इंटरनेटचा दिवा लागत नाही. अशा राऊटरपर्यंत आम्हाला ऑफिसातून पोहोचता येत नाही, माणूस पाठवावाच लागतो. म्हणून या व्हिजिटचे २०० रुपये घेतो. फायबर तुटली किंवा आम्ही दिलेला राऊटर बिघडला तर एक रुपयाही घेत नाही. शिवाय रीसेटनंतर खालच्या स्टिकरवरचा मूळ पासवर्ड पुन्हा लागू होतो. म्हणजे ज्याने कधीकाळी त्या स्टिकरचा फोटो काढला असेल, त्याला दार उघडंच.

आता ती यादी. 'एस्प्रेसिफ' किंवा 'तुया' असं दिसलं तर घरातला स्मार्ट बल्ब किंवा प्लग आठवा. त्यांच्यातल्या चिपचं किंवा ॲपचं ते नाव असतं. नाव काहीच नसेल तर मॅक ॲड्रेसचं, म्हणजे यादीत दिसणाऱ्या डिव्हाइसच्या पत्त्याचं, दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा कोणाचा तरी फोन आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडची नावं वेगळी ठेवली असतील तर एकच फोन दोनदा दिसू शकतो. काही राऊटरांवर कालच येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोनही यादीत राहतो.

खात्री करायची तर यादी बघताय तो फोन सोडून घरातल्या एकेका वस्तूचं वायफाय बंद करा आणि दर वेळी यादी रिफ्रेश करा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा, प्रिंटर विसरू नका. सगळं बंद करूनही एखादं डिव्हाइस चालू दिसत राहिलं, तर ते बाहेरचं. त्याला नुसतं ब्लॉक करून भागत नाही, कारण फोनमधला एक पर्याय बदलला की नवा पत्ता घेऊन तो परत येतो. पासवर्डच बदलायला हवा.

पासवर्ड बदलायला आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर बऱ्याचदा राऊटरचं पेज उघडत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, स्टिकरवरच्या लॉगिनने आत जा. वायफायच्या सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२, एईएस निवडा. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय असेल तर तो उत्तम. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुने टीव्ही-प्रिंटर जोडले जात नाहीत. पासवर्ड दोन्ही बँडना बदला. एकच बदलायचा राहून जातो आणि बाहेरचा माणूस दुसऱ्यावर आरामात बसून राहतो. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने, पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा. लॉगिनचा पासवर्डही बदला, पण लिहून ठेवा. तो विसरलात तर रीसेटशिवाय इलाज नाही.

मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. तो अर्ध्या सोसायटीला माहीत असतो. आणि ६ ते ९ पासून सुरू होणारे दहा आकडी नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी होतात; वायफायचा सिग्नल पकडून ठेवला तर चांगलं ग्राफिक्स कार्ड ते काही तासांत तपासून संपवतं. असंबद्ध चार शब्द आणि दोन आकडे ठेवा, लक्षातही राहतात.

पाहुणे, शिकवणीची मुलं, भाडेकरू यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राऊटरवरचं वेगळं वायफाय, चालू करा, पण त्यालाही पासवर्ड हवाच. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला ई-मेल नवी मुंबईच्या सानपाड्यातल्या एका घराच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरी पोहोचले. कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा आधी त्याच्याकडे.

तुमच्या राऊटरवर गेस्टची सोय नसेल तर तो जुना झाला आहे. बदलून हवा असल्यास सांगा. जुना परत घेऊन फरकाच्या रकमेत ड्युअल बँड राऊटर देतो, गेस्ट नेटवर्क जागेवरच लावून.

नोंदवलेल्या नंबरशिवाय दुसऱ्या नंबरवरून फोन आला तर आम्ही कनेक्शनची माहिती देत नाही, घरच्यांनाही नाही. काहींना याचा राग येतो, पण हा नियम तुमच्यासाठीच आहे. म्हणून फोन नोंदवलेल्या नंबरवरूनच करा, राऊटरसमोर उभं राहून, आणि कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे ते आधी सांगा. बरीच कामं फोनवरच होतात.