नागपूरच्या उन्हात कॉन्टॅक्ट लेन्स वितळत नाही

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की नागपुरात एक जुनी भीती हमखास डोके वर काढते: उन्हात कॉन्टॅक्ट लेन्स वितळून बुबुळाला चिकटते. हे खरे नाही. प्रागमध्ये रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी विकसित केलेल्या ज्या हायड्रोजेलची, म्हणजे पाणी शोषून मऊ राहणाऱ्या प्लास्टिकची, माहिती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यापासूनच मऊ लेन्स बनू लागल्या; त्यात पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या, लांब साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना आडव्या जोडलेल्या असतात आणि म्हणूनच मेणासारखे वितळणे त्याला शक्यच नसते. कारखान्यात अनेक लेन्स डबीबंद अवस्थेत सुमारे १२१ अंशांना वाफेने निर्जंतुक केल्या जातात. त्यापुढे आपल्या वैशाखाची ती काय मातब्बरी! शिवाय अश्रू आणि रक्ताभिसरण यांमुळे डोळ्याचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानाच्या जवळपासच राहतो.

चिकटल्याची जाणीव मात्र खोटी नसते. या मूळ प्रकारच्या लेन्समध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असते; कोरड्या झळांतून दुचाकीवर जाताना त्यातले काही उडून जाते आणि लेन्स आक्रसून घट्ट बसते. अशा वेळी ती ओढून न काढता लेन्ससाठीचे ओलावा देणारे थेंब घालावेत आणि ती सैल झाल्यावरच काढावी. नळाचे पाणी मुळीच वापरू नये, कारण त्यातील अकँथामीबा हा सूक्ष्मजीव बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतो.