इंग्लंडमधील केअर होमची तपासणी

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या प्रौढ व्यक्ती जिथे कायम वास्तव्याला असतात, त्या निवासी गृहांची इंग्लंडमध्ये कायद्याने होणारी पाहणी. ती केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था करते. बोलताना सगळे तिला सीक्यूसीच म्हणतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या तपासणी संस्था वेगळ्या आहेत. इंग्लंडमधलीही मुलांची निवासगृहे सीक्यूसीकडे नव्हे, तर शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेडकडे येतात.

आधी एका शब्दाचा घोटाळा निस्तरायला हवा. ब्रिटनमध्ये ज्याला ‘लर्निंग डिसेबिलिटी’ म्हणतात ती आपल्याकडची बौद्धिक अक्षमता, जुन्या शब्दांत मतिमंदत्व. आपल्याकडे पालक आणि शिक्षक ‘एलडी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असते. ब्रिटिश अहवाल वाचणारा मराठी वाचक इथे हमखास फसतो. त्याच्या डोळ्यांपुढे दहावीच्या पेपरला जादा वेळ मिळणारा मुलगा येतो. अहवाल ज्याच्याविषयी असतो त्याला कदाचित आंघोळीलाही सोबत लागते, आणि त्याला बोलताच येत नाही असेही असू शकते. या तपासणीची सगळी अडचण या शेवटच्या गोष्टीत आहे. हॉटेलात गिऱ्हाईक तक्रार करते, इस्पितळात रुग्णाचे नातेवाईक आरडाओरडा करतात. इथे ज्याच्यासाठी तपासणी, त्याला अनेकदा काय झाले ते शब्दांत सांगता येत नाही.

असे घर बाहेरून ओळखू येऊ नये, अशी आज अपेक्षा असते. साध्या वस्तीतले साधे घर, आत चार-सहा माणसे, प्रत्येकाची स्वतंत्र खोली, पाळीपाळीने येणारे कर्मचारी. सीक्यूसीच्या अहवालांत एक वर्णन पुन्हा पुन्हा भेटते: घरावर पाटी नव्हती, इंटरकॉम नव्हता, कॅमेरे नव्हते, कचऱ्याचे मोठे व्यावसायिक डबे नव्हते आणि रहिवाशांना घेऊन बाहेर पडताना कर्मचारी गणवेशात नव्हते. कचऱ्याच्या डब्यांचा आणि काळजीचा काय संबंध, असे वाटेल. पण गल्लीत शिरताच ‘ते तसल्या लोकांचे घर’ असे कळू नये, हा त्यामागचा विचार आहे. २०१७ पासून मोठ्या, वस्तीपासून तुटलेल्या वास्तूंना नवी नोंदणी मिळणे अवघड झाले आणि ऑक्टोबर २०२० च्या ‘राइट सपोर्ट, राइट केअर, राइट कल्चर’ या मार्गदर्शिकेने तेच धोरण पुढे नेले. नोंदणीशिवाय असे गृह चालवणे हा गुन्हा आहे.

तपासणी बहुधा न कळवता होते. छोट्या घरांना मात्र कधीकधी चोवीस तास आधी कळवले जाते आणि अहवालात त्याचे कारणही लिहिलेले असते: घर लहान आहे, माणसे बरेचदा बाहेर गेलेली असतात, कोणीतरी घरी भेटावे म्हणून कळवले. कारण खरे आहे. स्वमग्न माणसाच्या घरात सकाळी सकाळी अनोळखी व्यक्ती उभी राहिली, तर त्याचा सारा दिवस विसकटू शकतो. आणि चोवीस तासांत फ्रीज भरता येतो, रजिस्टरातल्या राहिलेल्या सह्या करता येतात, हेही तितकेच खरे. हा पेच कोणत्याही नियमाने सुटलेला नाही.

निरीक्षकाबरोबर बरेचदा ‘एक्सपर्ट बाय एक्सपीरियन्स’ असतो, म्हणजे स्वतः अशा सेवेवर अवलंबून असलेली किंवा घरच्या माणसाची काळजी घेतलेली व्यक्ती. काही रहिवासी बोलतात, काही मॅकाटॉन या खुणांच्या पद्धतीने किंवा चित्रांच्या पत्त्यांनी सांगतात. ज्यांना यातले काहीच जमत नाही त्यांच्यासाठी ‘सोफी’ नावाची निरीक्षणपद्धत आहे. ती ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने मूळ डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी बेतलेली. निरीक्षक दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसतो, मांडीवर तक्ता. जेवणाची वेळ आहे. ठरावीक मिनिटांनी तो नोंदवत जातो: हा माणूस खुशीत आहे की गप्प, कशात गुंतला आहे की नुसता भिंतीकडे पाहतो आहे, जवळ आलेला कर्मचारी त्याच्याशी कसा वागला. चमचा तोंडाशी नेण्याआधी नाव घेऊन हाक मारली का? ताट पुढे सरकवले ते माणसाकडे पाहून, की त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या कर्मचाऱ्याशी गप्पा मारत? मारहाण अशा तासाभरात दिसत नाही. पण कर्मचारी जवळून गेला की खुर्चीतला माणूस अंग चोरतो का, हे दिसते.

मग कागद. औषधांच्या तक्त्यात कुठे सहीची चौकट रिकामी आहे, ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहून दिलेली शामक गोळी आठवड्यातून किती वेळा गरजेची ठरली आणि ती नेमकी कोणाच्या पाळीत, हे निरीक्षक पाहतो. २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडने अंदाज बांधला होता, की बौद्धिक अक्षमता असलेले ३०,००० ते ३५,००० प्रौढ योग्य वैद्यकीय कारणाशिवाय मनोविकारावरची किंवा नैराश्यावरची औषधे रोज घेत आहेत. त्यातून पुढच्या वर्षी अशी औषधे कमी करण्याची ‘स्टॉम्प’ मोहीम सुरू झाली. शौचाचा तक्ताही तपासला जातो. हसण्यावारी नेण्याजोगी ही बाब नाही: पोटात दुखते हे सांगता न येणारा माणूस डोके आपटू लागतो, त्याला ‘वर्तनसमस्या’ म्हणून शामक दिले जाते आणि साध्या बद्धकोष्ठतेने माणसे दगावलेली आहेत.

सर्वांत अवघड वाचन कुलपांचे. स्वयंपाकघराला कुलूप दिसले की निरीक्षकाच्या भुवया उंचावतात, आणि उंचावायलाच हव्यात. स्वतःच्या घरात चहा करून घ्यायची मुभा नसणे ही साधी बाब नव्हे. पण प्रेडर-विली सिंड्रोम असलेल्या माणसाची भूक कधी शमतच नाही, अन्न उघडे राहिले तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे तेच कुलूप एका घरात छळ आणि दुसऱ्या घरात उपचार. फरक कागदावरून आणि माणसांवरून कळतो: २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्याप्रमाणे त्या व्यक्तीची निर्णयक्षमता तपासली का, तिच्या हिताचा निर्णय कोणाकोणाला विचारून घेतला, आणि त्याच घरातल्या बाकीच्या तिघांनी बिस्किटासाठी कोणाकडे किल्ली मागायची? मार्च २०१४ मध्ये ‘चेशर वेस्ट’ खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न आणखी टोकदार केला. जिच्यावर सतत देखरेख आणि नियंत्रण आहे व जिला निघून जायची मोकळीक नाही, ती व्यक्ती कितीही सुखात असली तरी तिचे स्वातंत्र्य हिरावलेलेच आहे आणि त्याला रीतसर मंजुरी लागते, असे न्यायालयाने ठरवले. सोन्याचा पिंजरा झाला तरी तो पिंजराच, असे न्यायमूर्ती लेडी हेल यांनी निकालात लिहिले. मराठी माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

या तपासणीचा उगम एका वर्तमानपत्राच्या बातमीत आहे. १९६७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या कार्डिफच्या ईली इस्पितळातल्या एका सहायक परिचारकाने रुग्णांना होणारी मारहाण आणि चोऱ्यामाऱ्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ला कळवल्या. पुढे अर्थमंत्री झालेले जेफ्री हाऊ तेव्हा वकिली करत. चौकशी त्यांच्याकडे आली. १९६९ मध्ये मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो अहवाल दडपू न देता प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी इस्पितळांना भेटी देणारी यंत्रणा उभी राहिली. तिचे नाव मात्र ‘सल्लागार सेवा’ ठेवले, ‘तपासणी’ हा शब्द टाळून. १९७१ च्या श्वेतपत्रिकेने अवाढव्य इस्पितळे रिकामी करून माणसांना वस्तीत आणायचे ठरवले. घरे वाढली तशी त्यांची नोंदणी व पाहणी आली: १९८४ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाकडे, २००२ पासून राष्ट्रीय आयोगाकडे, २००४ मध्ये दुसऱ्या आयोगाकडे आणि १ एप्रिल २००९ पासून सीक्यूसीकडे. सात वर्षांत तीन पाट्या बदलल्या.

नव्या पाटीची परीक्षा लगेच झाली. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या २४ खाटांच्या खासगी इस्पितळातल्या एका ज्येष्ठ परिचारकाने तिथला छळ सीक्यूसीला वारंवार कळवला. कोणी दखल घेतली नाही. शेवटी ‘बीबीसी’च्या पॅनोरमा कार्यक्रमाचा वार्ताहर कर्मचारी म्हणून आत शिरला आणि ३१ मे २०११ रोजी लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले मारणे, फरपटणे, कपड्यांसकट थंड पाण्याखाली धरणे सगळ्या देशाने पाहिले. अकरा कर्मचारी दोषी ठरले, त्यांतले सहा तुरुंगात गेले. तिथे एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड आकारले जात. मार्गारेट फ्लिन यांच्या २०१२ च्या अहवालातून दिसले ते असे, की खुणा सर्वत्र पडल्या होत्या. काही पोलिसांच्या दप्तरात, काही अपघात विभागात, काही काउन्सिलकडे. त्या एका टेबलावर आणून कोणी जुळवल्या नव्हत्या.

सीक्यूसीने मग अशा १५० इस्पितळांची व गृहांची खास मोहीम काढली. जवळजवळ निम्मी निकषांना उतरली नाहीत. केअर होमही सुटली नव्हती. डेव्हनमधल्या दोन गृहांत रहिवाशांना शिक्षा म्हणून रिकाम्या खोलीत तासन्‌तास, कधी रात्रभर, शौचालय आणि ऊब यांशिवाय कोंडले जाई. तिला ‘शांत खोली’ असे गोंडस नाव होते. २०१७ मध्ये त्या प्रकरणात संचालक-व्यवस्थापकांसह तेरा जण दोषी ठरले.

तरीही २०१९ मध्ये तेच घडले. डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्ल्टन हॉलमधला छळ पुन्हा पॅनोरमानेच, पुन्हा लपवलेल्या कॅमेऱ्याने दाखवला, तेव्हा सीक्यूसीच्या दप्तरी त्या संस्थेचा शेरा ‘चांगले’ असा होता. आदल्या वर्षभरात वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांच्या किमान शंभर भेटी तिथे झाल्या होत्या. त्याहून बोचरी गोष्ट म्हणजे, २०१५ च्या तपासणीत सीक्यूसीच्याच निरीक्षकाने चिंता नोंदवली होती आणि तो अहवाल प्रसिद्धच झाला नव्हता. २०२३ मध्ये चौघे दोषी ठरले. मुलांच्या बाबतीत ऑफस्टेडची गतही निराळी नव्हती: डॉनकास्टर भागातल्या ज्या निवासी संस्थांत २०१८ ते २०२१ या काळातल्या १०८ मुलांच्या नोंदी राष्ट्रीय समितीला नंतर चाळाव्या लागल्या, तिथेही शेरा ‘चांगले’ असाच होता.

व्हॉर्ल्टन हॉलनंतर केंट विद्यापीठाच्या ग्लिनिस मर्फी यांनी तपासणीचीच तपासणी केली. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी न कळवता जा, कर्मचाऱ्यांच्या आणि घरच्यांच्या तक्रारींना वजन द्या, तिथली ‘संस्कृती’ मोजायची साधने वापरा, असा त्यांच्या शिफारशींचा रोख होता. ‘बंदिस्त संस्कृती’ हा शब्द तेव्हापासून निरीक्षकांच्या तोंडी बसला. त्याची लक्षणे साधी असतात: घर आडजागी, रहिवाशांची घरे दूरच्या जिल्ह्यांत, व्यवस्थापक वर्षात तीनदा बदललेला, बदली कर्मचाऱ्यांचा भरणा, एकाच कुटुंबातले किंवा मित्रमंडळींतले लोक एकाच पाळीत. २०२२ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता यांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. ते ऑलिव्हर मॅकगोवन या तरुणाच्या नावाने ओळखले जाते. ब्रिस्टलच्या इस्पितळात २०१६ मध्ये, नको असे त्याने आणि पालकांनी सांगूनही दिलेल्या औषधानंतर तो अठराव्या वर्षी गेला.

तपासणीअंती पाच प्रश्नांवर शेरे मिळतात: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेची आहे का, माणसागणिक बदलते का, कारभार नीट आहे का. शेरे चार: उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी, अपुरे. दोष गंभीर असेल तर लेखी ताकीद, नवे रहिवासी घेण्यावर बंदी, नोंदणी रद्द किंवा खटला. नोंदणी रद्द करणे ऐकायला शूरपणाचे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पंधरा वर्षे एका खोलीत राहिलेल्या, बदल मुळीच न सोसणाऱ्या माणसाला महिन्याभरात दुसरीकडे हलवणे असा होतो. म्हणून निरीक्षकाचा हात तिथे अडखळतो, आणि हे चालकांनाही ठाऊक असते.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नित्याच्या तपासण्या थांबल्या आणि गाडी पुन्हा रुळावर आली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सीक्यूसीने ३४ निकषविधानांची नवी चौकट व नवी संगणकप्रणाली आणली. ती निरीक्षकांनाच झेपेना. पेनी डॅश यांच्या २०२४ च्या सरकारी आढाव्यात दिसले, की तपासण्यांची संख्या कोविडपूर्व काळाच्या निम्म्याहून खाली आली आहे आणि सीक्यूसीच्या अखत्यारीतल्या दर पाच ठिकाणांपैकी सुमारे एकाला कधी शेराच मिळालेला नाही. मिळालेला शेरा रहिवासी व पाहुणे यांना दिसेल असा लावणे २०१५ पासून बंधनकारक आहे. मुलासाठी किंवा भावासाठी घर शोधणारे आता ‘चांगले’ हा शब्द वाचून पुढे जात नाहीत. खालची तारीख पाहतात.