राजनिधन आणि स्थानिक परिषदा (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये राजा किंवा राणीचे निधन झाले की काउंटी (परगणा), जिल्हा, नगर आणि पॅरिश (गावपातळीवरचा सर्वांत लहान घटक) या पातळ्यांवरच्या परिषदांवर दोन कामे एकदम येतात : गेलेल्याचा दुखवटा पाळणे आणि नव्या राजाच्या नावाने द्वाही फिरवणे, म्हणजे तो गादीवर आल्याची घोषणा जाहीरपणे वाचणे. या कामांसाठी परिषदा आधीपासून जी तयारी करून ठेवतात, तिची माहिती या नोंदीत दिली आहे. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या निधनानंतरच्या राष्ट्रीय आराखड्याचे सांकेतिक नाव ‘लंडन ब्रिज’ होते. त्याची आखणी साधारणतः १९६० च्या दशकात सुरू झाली, असे मानतात. राणीचे निधन स्कॉटलंडमध्ये झाल्यास वापरायच्या योजनेला ‘युनिकॉर्न’ असे नाव होते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी बॅल्मोरल येथे निधन झाल्याने या दोन्ही योजना एकदमच अंमलात आल्या. जगाचे लक्ष लंडनमधील अंत्ययात्रेवर होते, पण एकट्या इंग्लंडमध्ये पॅरिश व नगर परिषदांची संख्या सुमारे १०,००० आहे आणि त्यांतील पुष्कळ परिषदांचा सगळा कारभार एकच अर्धवेळ क्लार्क (परिषदेचा सचिव) पाहतो. या प्रथेचा खरा भार त्या क्लार्कवर पडतो.

द्वाहीचा उगम : राज्यारोहणाची घोषणा गावोगावी वाचण्याची रीत केव्हा पडली, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ बाराव्या शतकात आहे. डिसेंबर ११३५ मध्ये पहिला हेन्री मरण पावल्यावर त्याचा भाचा स्टीफन घाईने लंडनला आला. राजा निवडण्याचा हक्क आमचा आहे असे सांगून लंडनकरांनी त्याला स्वीकारले, असे एका समकालीन लॅटिन वृत्तांतात म्हटले आहे. २०२२ च्या घोषणेच्या मजकुरातही घोषणा करणाऱ्यांत ‘लंडनचे आल्डरमन (ज्येष्ठ नगरसदस्य) व नागरिक’ यांचा उल्लेख आहे. तो त्या जुन्या हक्काचा अवशेष असावा, असे या मताचे अभ्यासक म्हणतात. मात्र तो वृत्तांत स्टीफनच्या बाजूने लिहिलेला आहे. शिवाय लंडनचा दावा खरा धरला तरी बाकीच्या गावांत द्वाही का फिरू लागली, याचा उलगडा त्यातून होत नाही.

दुसरे मत राज्यकाल मोजण्याच्या पद्धतीतील बदलावर भर देते. तेराव्या शतकापर्यंत राज्यकाल राज्याभिषेकापासून मोजत. तिसरा हेन्री १६ नोव्हेंबर १२७२ रोजी वारला, तेव्हा त्याचा मुलगा पहिला एडवर्ड परदेशात होता. त्याच्या राज्यकालाची गणना अभिषेकाची वाट न पाहता २० नोव्हेंबरपासून, म्हणजे पित्याच्या दफनाच्या दिवसापासून झाली. दुसऱ्या एडवर्डची गणना पित्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून (८ जुलै १३०७) होते, तर सहाव्या एडवर्डच्या बाबतीत (२८ जानेवारी १५४७) मृत्यूचा आणि राज्यारोहणाचा दिवस एकच आहे. राजा अभिषेकाआधीच गादीवर आलेला असेल, तर तो आला हे प्रजेला दुसऱ्या मार्गाने कळवणे भागच होते. सोळाव्या शतकात शेरीफ (काउंटीतील राजाचा अधिकारी) आणि मेयर यांच्याकडे घोषणांच्या प्रती धाडण्याची व्यवस्था चांगली रुळलेली दिसते. त्या काळी अशी द्वाही म्हणजे नुसता उपचार नव्हता. ६ जुलै १५५३ रोजी सहावा एडवर्ड वारल्यावर लंडनमध्ये लेडी जेन ग्रे हिच्या नावाची घोषणा झाली. नॉरिच शहराने मात्र आधी राजाच्या मृत्यूची खात्री नाही म्हणून थांबून, मग गादीवर हक्क सांगणारी एडवर्डची सावत्र बहीण मेरी हिच्या नावाने द्वाही फिरवली. किंग्ज लिन येथे १८ जुलैला जेनचीच घोषणा वाचली गेली. कोणते शहर कोणाचे नाव पुकारते, यावर त्या दिवसांत माणसांचे प्राण अवलंबून होते. स्थानिक द्वाहीचे मूळ याच काळात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

आज या घोषणेला स्वतंत्र कायदेशीर परिणाम नाही. राज्यारोहण मृत्यूच्या क्षणीच होते. सार्वजनिक पदे राजनिधनाने बाधित होत नाहीत व नव्याने नेमणुका करण्याची गरज नसते, असे १९०१ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. परिषदेचे सदस्य आणि अधिकारी यांचे काम त्यामुळे अखंड चालू राहते.

खंडित परंपरा : सहाव्या जॉर्जचे निधन ६ फेब्रुवारी १९५२ रोजी झाले आणि ८ फेब्रुवारीला एलिझाबेथच्या नावाची जाहीर घोषणा झाली. त्यानंतर ७० वर्षे असा प्रसंग आला नाही. दरम्यान १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ पासून इंग्लंड व वेल्समधील जुन्या बरो आणि जिल्हा परिषदा मोडून नव्या आखण्यात आल्या. १९५२ मध्ये ज्यांनी द्वाही फिरवली होती, त्या संस्थाच पुष्कळ ठिकाणी उरल्या नव्हत्या. वडीलधाऱ्यांना विचारून काम करण्याची सोय अशी संपली, म्हणून लेखी मार्गदर्शनाला महत्त्व आले. नॅशनल असोसिएशन ऑफ सिव्हिक ऑफिसर्स या संघटनेने मेयरांच्या कार्यालयांसाठी, तर नॅशनल असोसिएशन ऑफ लोकल कौन्सिल्स या संघटनेने पॅरिश परिषदांसाठी सूचना तयार केल्या. त्या बंधनकारक नाहीत. २००२ मध्ये राजमाता एलिझाबेथ (राणीची आई) आणि ९ एप्रिल २०२१ रोजी राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या निधनाच्या वेळी त्यांचा काही भाग वापरून पाहता आला. पण फिलिप यांच्या वेळी कोविडचे निर्बंध होते आणि फुले वाहण्यासाठी जमू नये असे लोकांना सांगितले होते, त्यामुळे तो अनुभव अपुराच राहिला. दोन्ही प्रसंगी राज्यारोहणही नव्हते.

तयारीचे तपशील : सर्वांत जास्त चुका ध्वजाच्या बाबतीत होतात, म्हणून सूचनांमध्ये त्याला मोठी जागा मिळते. ध्वज ‘अर्ध्यावर’ म्हणजे प्रत्यक्षात काठीच्या सुमारे दोनतृतीयांश उंचीवर ठेवतात. आधी तो टोकापर्यंत चढवायचा आणि मग खाली आणायचा. उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मग काढायचा. भिंतीतून तिरकी निघालेली काठी उभ्या रेषेपासून ४५ अंशांहून अधिक कललेली असेल, तर ध्वज अर्ध्यावर आणता येत नाही. तेथे वर काळ्या क्रेपची (सुरकुतीदार पातळ कापडाची) पट्टी बांधतात. म्हणून ती पट्टी, मेयरच्या साखळीवर लावायची काळी फीत आणि परिषदेच्या मानदंडावर (समारंभात मिरवायच्या अधिकारदंडावर) घालायचे काळे कापड आधीच शिवून ठेवावे लागते.

शोकसंदेशांसाठी बांधीव वहीपेक्षा सुटी पाने बरी, अशी शिफारस आहे. एखादे पान खराब झाले किंवा कोणी आक्षेपार्ह लिहिले, तर ते बाजूला काढता येते आणि नंतर सगळी पाने एकत्र बांधता येतात. फुलांसाठी जागा ठरवताना स्मृतिस्तंभाची जागा टाळण्याकडे कल असतो. फुलांची प्लास्टिकची वेष्टणे काढून घेण्याची व नंतर फुलांचे खत करण्याची व्यवस्थाही आधीच ठरवावी लागते. संकेतस्थळासाठी काळ्या पट्टीचे पान तयार ठेवतात, आणि समाजमाध्यमांवर आधी वेळ लावून ठेवलेले संदेश ताबडतोब थांबवतात.

सभांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पॅरिश परिषदेच्या सभेसाठी तीन पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते. रविवार, बँक हॉलिडे आणि सार्वजनिक शोकासाठी नेमलेला दिवस त्यांत धरत नाहीत. १९ सप्टेंबर २०२२ हा अंत्यविधीचा दिवस बँक हॉलिडे जाहीर झाल्याने त्या आठवड्यातील सभांचा हिशेब पुन्हा करावा लागला. वादाचे विषय पुढे ढकलावेत, पण मुदतीचे निर्णय अडू देऊ नयेत, हा सूचनांचा रोख होता आणि तो योग्यच म्हणावा लागेल. कचरा उचलणे, अंत्यसंस्कार, वृद्धांची देखभाल ही कामे कोणासाठीही थांबत नाहीत.

दोन दिवसांतला फेर : २०२२ मध्ये सर्वांत कठीण वेळ १० व ११ सप्टेंबरला आली. १० तारखेला सकाळी ११ वाजता सेंट जेम्स पॅलेस येथे मुख्य घोषणा झाली, तेव्हा नव्या राजासाठी ध्वज पूर्ण उंचीवर चढवायचा होता. ११ तारखेला दुपारी १२ वाजता एडिंबरो (स्कॉटलंड), कार्डिफ (वेल्स) आणि हिल्सबरो (उत्तर आयर्लंड) येथे घोषणा झाल्या. १ वाजता ध्वज पुन्हा अर्ध्यावर आणून २० तारखेच्या सकाळी ८ पर्यंत तसाच ठेवायचा होता. इंग्लंडमधील काउंट्यांत हाय शेरीफने घोषणा वाचल्यावर जिल्हा, नगर व पॅरिश परिषदांची पाळी आली. गाव लहान असेल तर चर्चच्या पायऱ्यांवर किंवा बाजारचौकात मेयर वा अध्यक्ष ती वाचत. काही ठिकाणी दवंडीवाला घंटा वाजवून लोकांना गोळा करी. दुखवट्याच्या काळ्या कपड्यांतच ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणायचे होते. जमलेल्या लोकांतील बहुतेकांनी ‘किंग’ हा शब्द या ओळीत जन्मात प्रथमच उच्चारला.

विंडसर, वेस्टमिन्स्टर, सदर्क, लँबेथ आणि एडिंबरो येथील परिषदांचे काम वेगळ्याच प्रमाणाचे होते; तेथे गर्दी, रस्ते आणि शवपेटीच्या दर्शनाची लांबच लांब रांग सांभाळायची होती. अंत्यविधी पाहण्यासाठी बर्मिंगहॅम, शेफील्ड, कार्लाइल व कोलरेन येथे मोठे पडदे लावले होते. राजे तिसरे चार्ल्स यांच्यासाठीच्या आराखड्याचे नाव ‘मेनाय ब्रिज’ असल्याचे प्रसिद्ध झाले आहे.

भारतातील संबंध : १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा मुंबईत टाउन हॉलच्या (आज एशियाटिक सोसायटीची इमारत) पायऱ्यांवरून वाचण्यात आला होता. तो राज्यारोहणाचा नसून कंपनीचे राज्य संपल्याचा होता, पण वाचनाची रीत याच इंग्रजी परंपरेतली. मुंबईचे नगरपाल हे मानाचे पदही इंग्रजी शेरीफपदावरूनच आले. ११ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे इंग्लंडमधील गावांत द्वाही फिरत होती त्याच रविवारी, भारत सरकारने देशभर एक दिवसाचा दुखवटा पाळला. सरकारी इमारतींवरील राष्ट्रध्वज अर्ध्यावर होते आणि करमणुकीचे सरकारी कार्यक्रम झाले नाहीत.