एट्रियल फ्लटर: गोळी, शॉक आणि मग कॅथेटर

नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेल्या घरच्यांना डॉक्टर सांगतात, ‘फ्लटर आहे, अॅब्लेशन करावं लागेल.’ म्हणजे हृदयातली बिघडलेल्या विजेची वाट जाळून बंद करायची. ऐकणाऱ्याला हा कुठलातरी नवा प्रयोग वाटतो आणि तो धास्तावतो. खरं तर यामागे शंभराहून जास्त वर्षांचा शोध आहे, आणि त्यातला बहुतेक काळ एकाच प्रश्नात गेला: हृदयातली वीज नेमकी कुठून फिरते?

फ्लटरमध्ये वरचा कप्पा, म्हणजे अलिंद, मिनिटाला साधारण ३०० वेळा आकुंचन पावतो. खाली बहुधा दर दुसराच ठोका पोहोचतो, म्हणून नाडी १५० च्या आसपास अडून बसते. प्राण्यांच्या हृदयातली ही फडफड मॅकविल्यम यांनी १८८७ मध्येच नोंदवली होती. माणसाच्या ईसीजीवरच्या करवतीच्या दातांसारख्या लाटा १९११ च्या सुमारास एडिंबरोत जॉली आणि रिची यांनी ओळखल्या. १९२० मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी मांडलं, की वीज एका वर्तुळात स्वतःचाच पाठलाग करते. नागपुरात मेडिकल कॉलेज सुरू झालं त्याच १९४७ साली मेक्सिकोत रोझेनब्लूथ आणि गार्सिया रामोस यांनी कुत्र्यांच्या अलिंदात इजा करून तिच्याभोवती असं वर्तुळ फिरतं ठेवून दाखवलं.

उपचार मात्र मागेच होता. डिजिटॅलिस, क्विनिडीन ही औषधं, आणि १९६२ पासून बर्नार्ड लाऊन यांचा डीसी शॉक, म्हणजे छातीवरून दिलेला विजेचा झटका. शॉकने ताल लगेच सुधारतो, पण वाट तशीच राहते. म्हणून अनेकांची धडधड परत येई.

ती वाट सापडली १९८० च्या दशकात. उजव्या अलिंदात, ट्रायकस्पिड झडप आणि खालची महाशीर यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी असते. नेहमीच्या फ्लटरमधल्या विजेला प्रत्येक फेरीत तिथूनच जावं लागतं. कॅनडात क्लाइन आणि गिरोदों यांनी १९८६ मध्ये शस्त्रक्रिया करून या भागाजवळ गोठवण्याचा उपाय केला. कॅथेटरमधून, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीतून, शॉक देऊन हृदयातला विद्युतमार्ग तोडणं १९८२ पासून सुरू झालं होतं, पण त्या शॉकने नळीच्या टोकाशी होणारा स्फोट धोक्याचा होता. रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेने, ते बदललं: टोकाशी ऊती ५० अंशांच्या वर तापते आणि तेवढ्याच जागी व्रण होतो. १९९२-९३ मध्ये अमेरिकेत फेल्ड आणि स्पेनमध्ये कोसियो यांनी ही पट्टीच जाळून दाखवली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा टप्पा. सुरुवातीला फ्लटर थांबला की काम झालं असं मानत, आणि बऱ्याच जणांना तो पुन्हा होई. १९९५-९६ च्या सुमारास फ्रान्समधल्या गटांनी निकष कडक केला. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वीज देऊन पाहायची, आणि ती कुठूनही पलीकडे जाता कामा नये. यानंतर यश नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. मांडीच्या शिरेतून, कॅथलॅबमध्ये, छाती न उघडता. प्रक्रियेनंतर ‘दोन्ही बाजूंनी ब्लॉक तपासला का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

हृदयावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर वर्तुळ जुन्या व्रणाभोवतीही फिरू शकतं. तेव्हा वाट वेगळी, नकाशा वेगळा. शिवाय फ्लटर बरा झालेल्या बऱ्याच जणांना पुढे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदाची अनियमित थरथर, होतं आणि त्यातही रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. त्यामुळे धडधड थांबली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. ती किती दिवस घ्यायची हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं.