विजया अर्क, सीबीडी आणि रोगप्रतिकारशक्ती : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे विजया अर्क, म्हणजे भांगेच्या झाडापासून काढलेला अर्क, घेण्यासाठी येणारे अनेक ग्राहक ‘याने प्रतिकारशक्ती वाढते का?’ असे विचारतात. तसा पुरावा नाही, म्हणून आमच्या कोणत्याही बाटलीवर ‘इम्युनिटी बूस्टर’ हे शब्द छापलेले नाहीत. भांगेच्या झाडातील प्रमुख घटक, म्हणजे नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी, प्रतिकार यंत्रणेला चेतवण्यापेक्षा बहुतांशी शांत करतात, असे आजवरच्या संशोधनातून दिसते.

या घटकांना प्रतिसाद देणारे दोन मुख्य रिसेप्टर (पेशींवरील संदेश ग्रहण करणारी प्रथिने) आपल्या शरीरात असतात. सीबी१ मुख्यतः मेंदूत असून नशा त्याच्यामार्फत चढते. १९९३ मध्ये ओळखला गेलेला सीबी२ मात्र प्लीहेत आणि रक्तातील पांढऱ्या पेशींवर, विशेषतः बी पेशींवर, मोठ्या प्रमाणात आढळतो. शरीर स्वतःही ॲनंडामाइडसारखे रेणू तयार करून हे रिसेप्टर वापरते, परंतु ते रेणू गरजेपुरते तयार होतात आणि लगेच विघटित होतात. टीएचसी मात्र चरबीत साठून राहते आणि हळूहळू रक्तात उतरत राहते. ते सीबी२ ला जोडले गेले की पेशीच्या आतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहकाचे प्रमाण घटते, टी पेशींची (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढ मंदावते आणि इंटरफेरॉन-गॅमासारखी, जंतूंशी लढण्याचा इशारा देणारी प्रथिने कमी स्रवतात. टीएचसी दिलेल्या उंदरांची लिजिओनेला या जिवाणूशी लढण्याची क्षमता कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. सीबीडी सीबी२ ला फारसे जोडले जात नाही. ते इतर मार्गांनी, उदाहरणार्थ शरीरातील ॲडेनोसिन या दाह शमवणाऱ्या रेणूचा परिणाम वाढवून, दाह कमी करते.

यातील बरेचसे प्रयोग प्राण्यांवर किंवा काचपात्रातील पेशींवर आणि बऱ्याचदा मोठ्या मात्रेत झालेले आहेत. माणसाच्या एकूण प्रतिकारक्षमतेबाबत ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेने २०१७ च्या अहवालात नमूद केले. त्यामुळे दाह कमी होतो एवढ्यावरून संधिवात किंवा अन्य ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) बरा होईल, असे आम्ही म्हणणार नाही, आणि आपणही कृपया तसे गृहीत धरून डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत.

आमची सर्वांत मोठी काळजी अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांविषयी आहे. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्यांपैकी अनेकांना टॅक्रोलिमस हे औषध दिले जाते. त्याचे विघटन मुख्यतः सीवायपी३ए४ या यकृतातील विकराकडून होते. सीबीडी या विकराच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रोजची ठरलेली मात्रा घेऊनही टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढते आणि ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी औषध चालू आहे, त्यालाच इजा होण्याचा धोका निर्माण होतो. कर्करोगावर इम्युनोथेरपी (प्रतिकार यंत्रणेला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) घेणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण निव्होलुमॅब या अशाच एका औषधासोबत गांजा घेणाऱ्या रुग्णांत उपचाराला मिळणारा प्रतिसाद कमी दिसल्याचे इस्रायलमधील निरीक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

भांगेच्या बियांच्या तेलाची गोष्ट निराळी आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये त्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बीच्या गरात टीएचसी किंवा सीबीडी जवळजवळ नसतेच, टरफलाला चिकटलेल्या राळेतून आलेला अंश तेवढा सापडतो.

अर्क घेताना वैद्यांच्या चिठ्ठीसोबत चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणावी. त्या यादीत प्रतिकारशक्ती दाबणारे औषध असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय आम्ही अर्क देत नाही.