परदेशात विंडसर्फिंगसाठी ठिकाण कसे निवडावे

विंडसर्फिंगसाठी, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर धावण्यासाठी, पहिल्यांदाच परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्या, तसेच एकदा जाऊन आल्यावर पुढचे ठिकाण शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक चौकशी ठिकाणाच्या नावापासून किंवा विमानभाड्यापासून सुरू होते. आमची विनंती अशी की, सुरुवात स्वतःपासून करावी. आपल्याला आज बोर्डावर नेमके काय जमते, सुट्टी कोणत्या महिन्यात मिळते आणि सोबत कोण येणार आहे, या तीन गोष्टी ठरल्या की यादीतली बरीच नावे आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवड करणे सोपे जाते.

वारा किती आणि कोणत्या दिशेचा

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगितला जातो आणि १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. शिडावर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० नॉटचा वारा २० नॉट झाला की जोर दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. ज्या दिवशी अनुभवी मंडळी आनंदाने पाण्यात उतरतात, त्याच दिवशी नवशिक्याला शीड पाण्यातून वर उचलणेही अशक्य होते, ते यामुळेच. शिकणाऱ्यासाठी ६ ते १२ नॉटचा, फार झोत नसलेला वारा पुरेसा असतो. हार्नेस, म्हणजे शिडाची ओढ हातांऐवजी अंगावर घेणारा पट्टा, वापरता येऊ लागला आणि बोर्ड पाणी कापत जाण्याऐवजी पृष्ठभागावर उचलला जाऊन धावू लागला, म्हणजेच प्लेनिंग जमू लागले, की १५ ते २० नॉटचा वारा हवासा वाटतो. त्यापुढचा वारा ज्यांना पाण्यातूनच शिडाच्या आधारे बोर्डावर चढता येते, म्हणजे वॉटरस्टार्ट येतो, त्यांच्यासाठीच आहे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

वेगाइतकीच, किंबहुना सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती दिशा. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा सर्वांत सोयीचा, कारण त्यात बाहेर जाणे आणि परत येणे सारखेच सोपे असते. समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येणारा वारा सुरक्षित असतो, परंतु त्यात लाटांमधून बाहेर पडताना दमछाक होते. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा मात्र फसवा असतो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट आणि शांत दिसते, वारा हलका वाटतो, आणि दोनशे मीटर आत गेल्यावर तोच वारा जोर धरून आपल्याला खुल्या समुद्राकडे नेऊ लागतो. अशा ठिकाणी सतत तैनात असलेली बचाव बोट नसेल, तर तेथे नवशिक्यांचे आरक्षण आम्ही करत नाही.

जाहिरातींमध्ये ‘वर्षातले इतके टक्के दिवस वारा’ असे आकडे असतात. ते वाचताना किती नॉटच्या वर वेग गेल्यास तो दिवस मोजला, त्या दिवशी वारा किती तास टिकला आणि आकडा नेमक्या कोणत्या महिन्याचा आहे, हे विचारावे. वर्षभराची सरासरी आपल्या आठ दिवसांबद्दल फारसे काही सांगत नाही. वारा चांगला असलेल्या ठिकाणीही एखाददुसरा दिवस कोरडा जातोच. सात दिवसांच्या सहलीत येण्याजाण्याचे दोन दिवस वजा केले की पाचच दिवस उरतात, म्हणून शक्य असल्यास नऊ-दहा दिवस काढावेत.

शिकणाऱ्यांसाठी आणि थोडे शिकलेल्यांसाठी

अगदी पहिले धडे परदेशातच घेतले पाहिजेत असे नाही. गोव्यात दोना पावलाच्या परिसरात विंडसर्फिंगची परंपरा आहे, आणि हिवाळ्यात दुपारी येणारे हलके खारे वारे तोल सांभाळायला, शीड उचलायला आणि वळायला शिकण्यासाठी पुरेसे असतात. एवढी तयारी करून गेलेल्या ग्राहकाला परदेशातल्या पहिल्या आठवड्याचा कितीतरी अधिक उपयोग होतो. पोहण्याचीही तयारी करावी. शिकताना पाण्यावर तरंगत ठेवणारे जॅकेट घालायचेच असते, परंतु खोल पाण्यात न घाबरता किमान शंभर मीटर पोहता येत नसेल, तर सहल एक हंगाम पुढे ढकलावी, असा आमचा आग्रह असतो.

ग्रीसमधील लेफ्काडा बेटाच्या दक्षिणेला असलेले वासिलिकी हे या गटासाठी आम्ही सर्वांत आधी सुचवतो. हंगामातल्या नेहमीच्या दिवशी सकाळी खाडीत हलका वारा किनाऱ्याकडे येतो, तेव्हा शिकणाऱ्यांचे वर्ग चालतात. दुपारनंतर शेजारच्या डोंगरावरून उतरणारा जोरदार वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागतो आणि पाण्यात अनुभवी मंडळी उतरतात. या दुपारच्या वाऱ्याला तेथे ‘एरिक’ असे नावच पडले आहे. एकाच कुटुंबात एक जण शिकणारा आणि दुसरा सराईत असेल, तर दिवसाची ही वाटणी फार सोयीची ठरते.

इटलीतील गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला असलेल्या तोर्बोले येथेही दिवस असाच दोन वाऱ्यांत विभागलेला असतो. पहाटेपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून ‘पेलेर’ वाहतो, आणि डोंगर तापले की दुपारपासून दक्षिणेकडून ‘ओरा’ येतो. पाणी गोडे आहे, भरती-ओहोटी नाही, आणि सरोवराच्या त्रेंतिनो प्रांतातील भागात खाजगी मोटरबोटींना मनाई असल्याने पाण्यात त्यांची वर्दळ नसते. मात्र सरोवर खोल आहे, त्यामुळे पडल्यावर पाय टेकतील अशी अपेक्षा ठेवू नये.

पाय टेकणारे पाणी हवे असेल, तर तुर्कस्तानातील अलाचाती आणि कॅरिबियनमधील बोनेर बेटावरील लाक बे ही दोन नावे लक्षात ठेवावीत. दोन्ही ठिकाणी बऱ्याच अंतरापर्यंत पाणी कमरेइतके असते, आणि पडण्याची भीती गेली की शिकण्याचा वेग वाढतो. बोनेर मुंबईहून फार लांब पडते, त्यामुळे केवळ पहिल्या धड्यांसाठी तेथे जाण्याचा सल्ला आम्ही देत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे जाणार असाल, तर गोष्ट वेगळी.

इजिप्तमधील दहाब हे थोडे शिकलेल्यांसाठी आमच्या मते सर्वांत समाधान देणारे ठिकाण आहे. सिनाई आणि अरबस्तानच्या डोंगरांमधल्या अकाबाच्या आखातातून उत्तरेचा वारा दाटून येतो, आणि समुद्रात शिरलेल्या वाळूच्या लांब पट्ट्यामुळे एक उथळ, सपाट लगून, म्हणजे खुल्या समुद्रापासून आडोसा मिळालेले पाणी, तयार झाले आहे. पट्ट्याच्या पलीकडे, जिला ‘स्पीडी’ म्हणतात ती जागा वेग घेण्यासाठी उत्तम आहे, आणि त्याहून बाहेर लाटा उंचावत जातात. एकाच आठवड्यात या पायऱ्या क्रमाने चढता येतात, परंतु प्रशिक्षकाने होकार दिल्याशिवाय पट्ट्याबाहेर जाऊ नये, कारण तिथला वारा खुल्या पाण्याकडे नेतो. तळाशी प्रवाळ असल्याने जाड तळव्यांचे पाण्यातले बूट घालणे आवश्यक आहे.

अनुभवी मंडळींसाठी स्पेनच्या कानारी बेटांतील फुएर्तेव्हेंतुरा, ग्रीसमधील कार्पाथोस आणि ऱ्होड्सच्या दक्षिण टोकावरील प्रासोनिसी ही नावे पुरेशी आहेत. प्रासोनिसीला वाळूच्या पट्टीच्या एका बाजूस सपाट पाणी आणि दुसऱ्या बाजूस लाटा, असे दोन समुद्र शेजारी शेजारी मिळतात.

आपल्या सुट्ट्या आणि तिथला हंगाम

जून ते सप्टेंबर या काळात महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील जलक्रीडा पावसाळ्यामुळे बंद असतात, आणि नेमक्या याच महिन्यांत परदेशातील अनेक उत्तम ठिकाणे ऐन हंगामात असतात. यामागे एक सुंदर दुवा आहे. उन्हाळ्यात पाकिस्तान आणि वायव्य भारतावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होऊन मोसमी वाऱ्यांना आपल्याकडे ओढतो, त्याचाच पश्चिमेकडील विस्तार थेट तुर्कस्तानपर्यंत पोचतो. बाल्कन प्रदेशावरील जास्त दाब आणि हा कमी दाब यांच्यामधून ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधील एजियन समुद्रावर उत्तरेचा कोरडा ‘मेल्तेमी’ वाहतो. त्याचा भर जुलै-ऑगस्टमध्ये असतो. मे महिन्याच्या सुट्टीत एजियन बेटांवर जाणाऱ्यांना म्हणूनच तो भरवशाने मिळत नाही. मे महिन्यात दहाब किंवा गार्डा हे पर्याय अधिक योग्य ठरतात.

पावसाळ्यातला दुसरा मोठा पर्याय मॉरिशस. तेथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आग्नेय व्यापारी वारे स्थिर असतात, आणि नैऋत्य टोकावरील ५५६ मीटर उंचीच्या ल मोर्न डोंगराला वळसा घालताना ते आणखी वेग घेतात. हा डोंगर पळून आलेल्या गुलामांच्या आश्रयस्थानाची स्मृती म्हणून २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याच्या पायथ्याशी प्रवाळभित्तीने राखलेले विस्तीर्ण, निळेशार लगून आहे. भित्तीच्या आत मध्यम पातळीच्या व्यक्तीला मनसोक्त सराव करता येतो. भित्तीमधील खिंडीजवळची ‘वन आय’ ही लाट मात्र जगभरच्या निष्णात मंडळींना ओढून आणणारी, उथळ प्रवाळावर फुटणारी लाट आहे, आणि खिंडीतून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह बोर्डासह माणसाला समुद्रात नेऊ शकतो. फोटोंत सर्वाधिक दिसते ती हीच लाट, म्हणून आम्ही हे आवर्जून लिहीत आहोत. तिथला हिवाळा असल्याने पाणी थोडे गार असते आणि अंग उबदार ठेवणारा पातळ वेटसूट लागतो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि तेथील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवत आली आहेत. वाऱ्याच्या हंगामातच येणारा हा सण ज्यांना घरापासून दूर राहून चुकवायचा नसेल, त्यांनी तारखा तशा जुळवाव्यात.

श्रीलंकेतील कल्पिटियालाही मे ते ऑक्टोबरमध्ये नैऋत्य वारा जोरदार असतो आणि प्रवास जवळचा आहे. परंतु ते मुख्यतः काइटसर्फिंगचे, म्हणजे शिडाऐवजी मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्ड चालवण्याचे, केंद्र आहे, त्यामुळे आपल्या मापाची विंडसर्फिंगची साधने उपलब्ध असल्याची लेखी खातरजमा झाल्यावरच आरक्षण करावे.

दिवाळी हा अडचणीचा काळ आहे, कारण एक हंगाम सरत असतो आणि दुसरा पुरता लागलेला नसतो. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर दहाब चालते. ती नोव्हेंबरच्या मध्याकडे असेल, तर व्हिएतनाममधील मुई ने आणि फिलिपिन्समधील बोराकायचा पूर्वेकडील बुलाबोग किनारा येथे ईशान्य मोसमी वारे नुकतेच सुरू होत असतात. नाताळच्या सुट्टीपर्यंत दोन्ही ठिकाणी वारा चांगला स्थिरावतो. मुई ने येथे दुपारी पाणी बरेच खडबडीत होते आणि काइटची गर्दी असते, म्हणून शिकणाऱ्यांनी सकाळची वेळ साधावी. डिसेंबर-जानेवारीत लांबचा प्रवास करण्याची तयारी असेल, तर दक्षिण आफ्रिकेतील लांगबानचे लगून किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थचा दुपारचा खारा वारा, ज्याला तेथे ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, यांचा विचार करावा.

साधने भाड्याने घेताना

स्वतःचा बोर्ड विमानातून नेणे महाग आणि त्रासाचे असते, त्यामुळे आमचे बहुतेक ग्राहक साधने तिथेच घेतात. वाऱ्याप्रमाणे दिवसातून हवे तितक्या वेळा शीड आणि बोर्ड बदलून मिळतील का, बचाव बोट भाड्यात धरली आहे का आणि मोडतोड झाल्यास किती रक्कम आपल्याला भरावी लागेल, हे आधी विचारावे. वजनाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १५ नॉटच्या वाऱ्यात ७५ किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण साडेसहा चौरस मीटरचे शीड लागते, तर ५५ किलोच्या व्यक्तीला पाच चौरस मीटरच्या आसपासचे पुरते, आणि २० नॉटला तिला चारहून लहान शीड हवे असते. अनेक केंद्रांत मधल्या मापांची शिडे भरपूर आणि लहान मापांची मोजकीच असतात. आमच्या महिला ग्राहकांनी आणि किशोरवयीन मुलांच्या पालकांनी हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सोबतची मंडळी आणि कागदपत्रे

उत्तम वारा असलेला किनारा निवांत बसण्यासाठी बहुधा वाईट असतो, कारण दिवसभर वाळू अंगावर उडत राहते. घरातील इतरांना पाण्यात उतरायचे नसेल, तर कार्पाथोस किंवा प्रासोनिसीऐवजी मॉरिशस, वासिलिकी किंवा गार्डा निवडावे. व्हिएतनाममध्ये शाकाहारी मंडळींनी माशाच्या सॉसबद्दल प्रत्येक वेळी विचारून घ्यावे.

भारतीय पारपत्रधारकांना मॉरिशससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो. ग्रीस, इटली आणि स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. त्याचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. नियम बदलतात, म्हणून आरक्षणाच्या दिवशी आम्ही ते पुन्हा तपासून देतो. विम्याच्या कागदात विंडसर्फिंग या खेळाचा समावेश शब्दशः आहे का, हे आपण स्वतः वाचावे. अनेक साध्या प्रवासी विम्यांतून साहसी क्रीडा वगळलेल्या असतात आणि त्यासाठी थोडा जादा हप्ता भरावा लागतो.

चौकशी करताना आपले वजन, पोहण्याची क्षमता, हार्नेस आणि वॉटरस्टार्ट येतो की नाही, यापूर्वी किती नॉटच्या वाऱ्यात सराव केला आहे, सुट्टीच्या संभाव्य तारखा आणि सोबत येणाऱ्यांची वये कळवावीत. एवढी माहिती मिळाल्यावर आम्ही दोन किंवा तीन ठिकाणे त्या महिन्यातील वाऱ्याच्या नोंदींसह पाठवतो, आणि आपल्या तारखांना एकही ठिकाण योग्य नसेल तर तसे लेखी कळवतो.