डॉक्युमेंटेशनचा नवा वाचक

विक्रीचा अंदाज बांधणारं साधन एआय एजंटच्या, म्हणजे दिलेलं काम स्वतःच पावलं टाकत पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामच्या, हाती द्यायचं, तर त्या साधनाचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणारा मजकूर, कितपत चांगलं आहे हे ठरवायचं कसं? प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांतला, पण गोष्ट सुरू होते १९५७ साली.

त्या वर्षी चार्ल्स होल्ट यांनी अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयासाठी एक टिपण लिहिलं. ताज्या आकड्यांना जास्त वजन द्यायचं, जुन्यांचं वजन उतरत न्यायचं, आणि कल व हंगाम वेगळे धरायचे, अशी त्यातली रीत. १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी ती विक्रीच्या आकड्यांवर वापरून दाखवली, आणि आजही ती होल्ट-विंटर्स म्हणूनच ओळखली जाते. गंमत म्हणजे होल्ट यांचं मूळ टिपण एखाद्या संशोधनपत्रिकेत छापून यायला २००४ साल उजाडलं. मधली सत्तेचाळीस वर्षं लोकांचं काहीच अडलं नाही. पाठ्यपुस्तकं होती, आणि न कळलेलं विचारायला शेजारच्या टेबलावर कुणीतरी बसलेलं असायचं.

सॉफ्टवेअरच्या बाजूला युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ (चुका) असा मथळा असे आणि कमांड कुठे दगा देते ते तिथे सरळ सांगितलेलं असे. ही सवय पुढे बरीच सुटली. साधनाची पानं हळूहळू जाहिरातीसारखी दिसू लागली.

२०१७ मध्ये फेसबुकने ‘प्रॉफेट’ हे अंदाजाचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. शॉन टेलर आणि बेंजामिन लेथम यांच्या त्यावरच्या निबंधात कामाच्या चक्रात विश्लेषक माणूस गृहीत धरलेला आहे. यंत्राने अंदाज काढायचा, संशयास्पद ठिकाणं पुढे करायची, माणसाने आलेख बघून दुरुस्ती करायची. डॉक्युमेंटेशनही त्याच माणसासाठी लिहिलेलं: अमेरिकी फुटबॉलपटू पेटन मॅनिंगच्या विकिपीडिया पानाला मिळालेल्या भेटींचं उदाहरण, आणि पानोपानी आलेख. निम्मं स्पष्टीकरण चित्रांतच आहे. आता या माणसाच्या खुर्चीवर एजंट येऊन बसलाय, आणि तो बहुतेक वेळा फक्त मजकूर वाचतो.

नावाचंच बघा. हे पॅकेज आधी ‘एफबीप्रॉफेट’ होतं, २०२१ मध्ये १.० आवृत्तीला नुसतं ‘प्रॉफेट’ झालं. जुन्या नावाचे धडे जालावर पडून आहेत आणि एजंटच्या आत चालणारी भाषा-मॉडेलं त्यांवरच शिकलेली. नाव बदलल्याची एक ओळ डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण एजंटने पान उघडलं तरच तिचा उपयोग. जुनं नाव वापरण्याची ही चूक तशी बरी म्हणायची, कारण प्रोग्राम लगेच अडतो. तारखेचा रकाना ‘डीएस’ आणि आकड्यांचा ‘वाय’ या नावाचा नसेल, तरी साधन स्पष्ट शब्दांत ओरडतं. तो संदेशही डॉक्युमेंटेशनच, आणि एजंट तो वाचून स्वतःला सुधारतो.

घात होतो तो गप्प राहणाऱ्या चुकांमध्ये. दुकानाचा महिनावार हिशोब घ्या: ०१-०१-२०२४, ०१-०२-२०२४, ०१-०३-२०२४. आपण दिवस आधी लिहितो, पण पांडास ही पायथनची लायब्ररी वेगळं काही सांगितलं नाही तर महिना आधी धरते. वर्षाचे बारा महिने मुकाट्याने जानेवारीचे पहिले बारा दिवस होतात. कुठेही लाल अक्षर नाही, अंदाजही झोकात येतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, असं प्रॉफेट सुचवतं. दिली नाही तर काय होईल, ते मात्र आपणच ओळखायचं.

सणांचंही तसंच. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मिठाईवाल्याची विक्री तारखेमागे नाही, तिथीमागे धावते. म्हणून सणांच्या यादीत मागच्या तारखांबरोबर पुढच्याही द्याव्या लागतात. नाही दिल्या, तर प्रॉफेट जुन्या विक्रीवरचा सणाचा परिणाम मोजतं आणि अंदाजात तो धरतच नाही. हे लिहिलेलं आहे, पण वेगळ्या पानावर. सुरुवातीचं पान वाचून कामाला लागलेला एजंट तिथवर पोचेलच असं नाही.

२०२३ पासून भाषा-मॉडेलांना बाहेरची साधनं चालवू देण्याची सोय रुळली, तेव्हा साधनाचं दोन ओळींचं वर्णन हेच त्याचं डॉक्युमेंटेशन झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी ‘एलएलएमएस डॉट टीएक्सटी’ सुचवलं: संकेतस्थळाच्या मुळाशी मॉडेलांसाठी एक साधी मजकुराची फाइल. त्याच वर्षी नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलांना बाहेरच्या साधनांशी जोडायची एक सामायिक पद्धत, आणली. दोन्हींमुळे मजकूर एजंटपर्यंत पोचायला मदत झाली. मजकुरात काय असावं, ते ठरवणं मात्र लिहिणाऱ्यावरच राहिलं.

अंदाजशास्त्राला स्वतःची परीक्षा घ्यायची सवय जुनी आहे. स्पायरोस मॅक्रिडाकिस यांच्या १९८२ च्या स्पर्धेत आकड्यांच्या १,००१ मालिका होत्या, आणि शेवटचे आकडे झाकून पद्धती तपासल्या गेल्या. डॉक्युमेंटेशन तपासायला नुसतं हे पुरत नाही, कारण अंदाज चुकला तर दोष पद्धतीचा की पानाचा, ते त्यातून कळत नाही. माझ्या मते त्याच एजंटला तेच काम दोनदा द्यावं, एकदा डॉक्युमेंटेशनशिवाय, एकदा त्यासकट. आकड्यांत सापळे मुद्दाम पेरावेत: दिवस आधी लिहिलेल्या तारखा, सरकता सण, आणि माल संपल्यामुळे नोंदलेलं शून्य, जे खरं तर रिकामं सोडायला हवं. एजंट पडला, की तो सापळा सांगणारी ओळ डॉक्युमेंटेशनमध्ये होती का ते शोधायचं, आणि असली, तर एजंटने उघडलेल्या पानापासून ती किती दूर होती ते मोजायचं.